तळमजल्याची खोली

आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू एका परूशी पुढाऱ्याच्या घरी जेवायला गेला आहे. पाहुणे मानाच्या जागा कशा हेरतात हे तो पाहतो आणि त्यावरून त्यांना दाखला सांगतो (लूक १४:७-१४). उपासनेच्या 'क' वर्षात, सामान्य काळाच्या बाविसाव्या रविवारी हा उतारा आपण ऐकतो. मंडपात पंगती बसत होत्या तोवर तो समजायला सोपा होता. आता आपल्याकडच्या लग्नांत बुफे आला. जिथे खुर्ची मिळेल तिथे ताट हातात घेऊन बसायचे, त्यामुळे मानाची जागा हेरण्याची वेळच येत नाही. आलीच तर ती पंख्याखालची जागा असते.

माझ्यावर ती वेळ आली ती हॉटेलच्या काउंटरवर.

जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरच्या पवित्र अवशेषांचे दर्शन दर दहा वर्षांनी होते, हे आपणा सर्वांना माहीत आहे. या वेळी ते २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात होते. बॉम जीझस बॅसिलिकातून अवशेष से कॅथेड्रलमध्ये आणून ठेवले होते. आम्ही पतीपत्नी डिसेंबरमध्ये गेलो. रात्रीच्या गाडीने निघून सकाळी मडगावला उतरलो आणि नऊच्या सुमारास समुद्राकाठच्या एका रिसॉर्टवर पोहोचलो. दोन रात्रींचे आरक्षण होते. खोली दुपारी दोन वाजता मिळेल हे त्यांनी आधीच कळवले होते. पण आपण लवकर पोहोचलो की आपला हक्कही लवकर सुरू होतो असे माणसाला वाटतेच.

रिसॉर्टच्या इमारती तळमजला आणि वर दोन मजले अशा होत्या. लिफ्ट नव्हती. तळमजल्याच्या खोल्यांना छोटा व्हरांडा, पुढे हिरवळ, मग माडांची रांग आणि त्यापलीकडे वाळू. आत शिरतानाच मी ते पाहून ठेवले होते. भाडे सगळ्या मजल्यांना सारखेच. काउंटरवरचा मुलगा चोवीस-पंचवीस वर्षांचा असेल. त्याने सांगितले, "सर, तुमची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे." मी म्हणालो, "बाबा रे, मिसेसचे गुडघे दुखतात. जिना चढणे तिला जमत नाही. तळमजल्यावर बघ ना काही."

पत्नीचे गुडघे दुखतात हे खोटे नाही. थंडीत दुखतात. पण आम्ही घरीही दुसऱ्या मजल्यावरच राहतो, आणि भाजीची पिशवी घेऊन ती दिवसातून दोनदा तो जिना चढते. ती शेजारीच उभी होती. काही बोलली नाही. त्या मुलाने तिच्याकडे पाहिले, समोरच्या छापील यादीत बोट फिरवले, एका नावापुढचा आकडा खोडला आणि तो आमच्या नावापुढे लिहिला. तो आकडा खोडताना मी पाहिला. पाहून न पाहिल्यासारखे केले.

दोन वाजेपर्यंत वेळ काढायचा होता. मी त्या मुलाशी गप्पा मारत बसलो आणि हॉटेलात खोल्या कशा वाटतात ते समजून घेतले. आपण आरक्षण करतो ते बहुधा खोलीच्या प्रकाराचे असते, नंबरचे नाही. नंबर त्या दिवशी सकाळी ठरतो. आज कोण जाणार आणि कोण येणार, अशा दोन याद्या घेऊन काउंटरवरचा माणूस जुळवाजुळव करतो. कुणी तळमजला मागितलेला असतो, कुणी दोन वेगळे पलंग, कुणी शेजारीशेजारच्या खोल्या. "शक्य झाल्यास देऊ" असे सगळ्यांनाच कळवलेले असते. जुन्या गिऱ्हाइकांचा मान आधी राखला जातो. जाणारे पाहुणे अकरा-बाराला उठतात, मग साफसफाई, म्हणून दोनची वेळ. आणि संध्याकाळी उशिरा येणाऱ्याच्या वाट्याला उरलेली खोली येते, मग ती जनरेटरशेजारची असो की जिन्याच्या टोकाची. म्हणजे सकाळी काउंटरवर जो गोड बोलतो, तो संध्याकाळी येणाऱ्या, अजून न दिसलेल्या माणसाच्या यादीतून काहीतरी काढून घेत असतो. खोल्या तेवढ्याच असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या वेळी आमच्या टेबलाशी एक वृद्ध जोडपे येऊन बसले. नाशिकचे. गृहस्थ निवृत्त शिक्षक, तेही दर्शनासाठीच आलेले. बाईंच्या हातात चार पायांची काठी होती. अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. मी विचारले, खोली कुठली मिळाली? गुरुजी म्हणाले, "दुसरा मजला. तळमजल्याची द्या म्हणून महिनाभर आधी फोन केला होता. पण काल त्या मुलाने सांगितलं, सकाळी एक बाई आल्या, त्यांचे गुडघे फारच दुखत होते, म्हणून त्यांना दिली. फार संकोचला होता बिचारा. मी म्हटलं, बरं केलंस. आम्ही हळूहळू चढू."

माझ्या पत्नीने चमचा खाली ठेवला. खोलीत आल्यावर ती एवढेच म्हणाली, "माझ्या गुडघ्यांना मध्ये घालायचं होतं, तर मला आधी विचारायचं."

त्या दिवशी आम्ही जुन्या गोव्याला गेलो. दर्शनाच्या रांगेत विचार करायला भरपूर वेळ मिळाला.

आपल्याला हवी ती खोली मागणे यात मुळात वाईट काय? मला वाटते, काही नाही. प्रभू येशूनेही खोली मागितली होती. वल्हांडणाच्या भोजनासाठी त्याने पेत्र आणि योहान यांना पुढे पाठवले आणि घरधन्याकडे पाहुण्यांची खोली कुठे आहे हे विचारायला सांगितले. मिळाली ती माडीवरची, मोठी, मांडून ठेवलेली. लूकने मूळ ग्रीकमध्ये त्या खोलीसाठी 'कातालुमा' हा शब्द वापरला आहे, आणि बेथलेहेमात मरिया व योसेफ यांना जिथे जागा मिळाली नाही त्या ठिकाणासाठीही तोच शब्द आहे. ज्याला जन्मताना कातालुमा मिळाली नाही, त्याने मरणाच्या आदल्या रात्री ती मागून घेतली, आपल्या माणसांना जेवायला बसवण्यासाठी. मग चांगल्या शोमरोनीचा दाखला आठवला. त्याने तर उतारशाळेच्या मालकाला पदरचे दोन दीनार दिले, जखमी माणसाची सोय व्हावी म्हणून. स्वतः तो पुढच्या वाटेला लागला.

तेव्हा मागणे वाईट नाही. मागायला काय वापरले, हा प्रश्न उरतो. कुणी ओळख वापरतो, "मॅनेजरसाहेब आमच्या चांगले परिचयाचे आहेत." कुणी आवाज चढवतो. कुणी लग्नाचा वाढदिवस वर्षातून तीनदा साजरा करतो. अमेरिकेत लास व्हेगासच्या हॉटेलांत तर ओळखपत्र आणि क्रेडिट कार्ड यांच्यामध्ये वीस डॉलरची नोट घडी करून सरकवायची आणि "याहून चांगली खोली आहे का" असे विचारायचे, हा प्रकार पुष्कळांना ठाऊक आहे. देणारे त्याला टीप म्हणतात. टीप काम झाल्यावर देतात, ही आधी देतात.

मी नोट सरकवली नाही, आवाजही चढवला नाही, आणि म्हणूनच त्या सकाळी मला स्वतःविषयी बरे वाटत होते. पण मी वापरली ती गोष्ट नोटेपेक्षा वाईट होती. संत थॉमस अक्वायनस सांगतात की, समाजाचे जे काही वाटून द्यायचे असते ते योग्य कारण पाहून न देता माणूस पाहून दिले, तर ते न्यायाविरुद्ध पाप आहे. वीस डॉलर घेणाऱ्याला निदान आपण काय करतो ते माहीत असते. आमच्या काउंटरवरच्या मुलाला माहीत नव्हते. तो बिचारा दया करतो आहे असे समजून आकडा खोडत होता. त्याच्या चांगुलपणाच्या हाताने मी अन्याय करवला. आठव्या आज्ञेविरुद्धचे पाप म्हणून एरवी मी ते कुमसारात एका वाक्यात सांगून मोकळा झालो असतो. त्यात त्या मुलाचे काय केले हे आले नसते. असे दहा-वीस जण भेटले की तो मुलगा शहाणा होईल. मग खरोखर गुडघे धरून उभ्या असलेल्या बाईकडेही तो संशयाने पाहील, डॉक्टरांची चिठ्ठी मागेल. गरजवंताचा शब्द चालावा म्हणून जो विश्वास जगात साठलेला असतो, त्यातून मी व्हरांड्यासाठी खर्च केला.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्या चौतिसाव्या प्रकरणात सर्वांना सारखेच द्यावे का हा प्रश्न आहे. त्यांचे उत्तर असे की, ज्याची जशी गरज तसे द्यावे. ज्याला कमी लागते त्याने देवाचे आभार मानावेत, खट्टू होऊ नये. ज्याला जास्त लागते त्याने आपल्या दुर्बलतेमुळे नम्र व्हावे, मिळालेल्या सवलतीने फुगू नये. किती साधी गोष्ट आहे! आपली उलटीच तऱ्हा असते. धडधाकट पाय ही देणगी आहे, तिच्याबद्दल आभार मानायचे आणि वर चढून जायचे. मी मात्र तिच्यापायी खोली हुकते आहे म्हणून तीच लपवून ठेवली. ज्या बाईला खरेच तळमजला हवा होता तिने फोनवर एकदा सांगितले आणि गप्प बसली. ज्याची गरज खरी असते त्याला ती पुन्हा पुन्हा सांगण्याची लाज वाटते, आणि ज्याची नुसती आवड असते त्याला वाटत नाही, हे मी आपल्या रेशन दुकानापासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे पाहिले आहे.

याच्या दुसऱ्या टोकाचीही एक माणसे असतात. माझी एक आत्या होती. वेलंकनीच्या यात्रेत "मला कुठेही चालेल, मेलं दाराशी टाका" म्हणून तिने सगळ्यांत वाईट पलंग घेतला आणि पुढचे तीन दिवस पाठ दुखते म्हणून आम्हा सर्वांना छळले. शेवटची जागा घेण्यातही सोय पाहता येते. आजचा दाखलासुद्धा आपण पुष्कळदा तसाच वाचतो. खाली बसा, म्हणजे यजमान येऊन वर बसवील. जणू काही येशू चांगली खोली मिळवण्याची युक्ती सांगतो आहे. हल्ली प्रवासाचे सल्ले देणारेही हेच सांगतात, काउंटरवर हसून बोला, नम्र राहा, वरच्या दर्जाची खोली मिळण्याचा संभव वाढतो. पण येशू तिथे थांबत नाही. लगेच यजमानाकडे वळून तो म्हणतो की ज्यांना परतफेड करता येणार नाही अशा गरिबांना, लंगड्यांना, आंधळ्यांना बोलाव. बोलावले म्हणजे त्यांना बसायला जागा आलीच. ती कुणाच्या तरी खुर्चीतून निघणार.

दर्शन घेऊन संध्याकाळी परतल्यावर मी काउंटरवर गेलो आणि त्या मुलाला म्हणालो, "आमची खोली नाशिकच्या त्या आजोबा-आजींना दे, आम्ही वर जातो." तो गोंधळला. म्हणाला, "सर, पण मॅडमचे गुडघे?" मी त्याला खरे काय ते सांगितले. तो काही बोलला नाही, यादीकडे पाहत राहिला. मग गुरुजींना फोन लावला. त्यांनी नको म्हटले. आता एकच रात्र राहिली आहे, सामान लावून झाले आहे, आणि हिला वरून समुद्र दिसतो म्हणून ती खूश आहे, असे म्हणाले.

गुरुजींना मात्र मी खरे सांगितले नाही. रात्री दोनदा त्यांच्या दाराशी जाण्यासाठी उठलो आणि दोन्ही वेळा व्हरांड्यातच बसून राहिलो.

सकाळी त्यांच्या बॅगा खाली आणायला गेलो. दोन मजल्यांच्या चव्वेचाळीस पायऱ्या होत्या. बाई एकेक पायरी काठी आधी टेकवून, मग पाय उतरवून येत होत्या आणि गुरुजी त्यांच्या एक पायरी पुढे, पाठमोरे, दोन्ही हात पसरून. खाली यायला वीस मिनिटे लागली. गाडीत बसण्यापूर्वी गुरुजींनी माझ्या पत्नीला हात जोडले आणि गुडघ्यांना रोज रात्री कोमट तिळाचे तेल चोळत जा, फरक पडेल, असे सांगितले. ती "हो" म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिले नाही.