चार बोटे जमिनीवर

वीस वर्षे बँकेत काढल्यावर माझे असे मत झाले आहे, की जगातले निम्मे नैतिक प्रश्न पैशातून निघतात आणि उरलेले चाकातून. कर्णाचेच पाहा. ऐन युद्धात रथाचे चाक जमिनीने गिळले आणि त्याला धर्म आठवला. त्याच युद्धात धर्मराजाचा रथ मात्र जमिनीपासून चार बोटे वरून चालत असे. म्हणजे घर्षण शून्य, झीज शून्य, खर्च शून्य! पुढे 'नरो वा कुंजरो वा' करून झाले आणि तो रथही धाडकन खाली आला. माणसाला टायर निवडावे लागतात ते तेव्हापासून, अशी माझी समजूत आहे.

हे सगळे सुचायला कारण आमचा भाचा. तो अमेरिकेत असतो आणि गेल्या वर्षापासून ऑटोक्रॉस खेळतो. आपल्याकडे ऑटोक्रॉस म्हटले की बहुधा धूळमातीतली शर्यत डोळ्यांसमोर येते. तिकडचा प्रकार डांबरी आणि सोवळ्यातला. मोकळ्या पार्किंगच्या मैदानावर नारिंगी शंकू मांडायचे आणि त्यांच्यामधून नागमोडी गाडी काढायची. मैदानात एका वेळी साधारण एकच गाडी, आणि झुंज घड्याळाशी. फेरी जेमतेम मिनिटाची. शंकू पाडला की दोन सेकंद दंड. प्रत्येक शंकूभोवती खडूचा चौकोन आखलेला असतो. शंकू धक्क्याने सरकला, पण चौकोनाला पाय टेकवून उभा राहिला, तर माफ! शिवाय आपली फेरी झाली की उन्हात उभे राहून दुसऱ्यांनी पाडलेले शंकू उचलून ठेवायचे. हा भाग मला फार आवडला. दुसऱ्याने पाडलेले उचलून ठेवण्याचे काम आम्ही कारकून आयुष्यभर करतो, पण त्याला खेळ म्हणतात हे ठाऊक नव्हते.

तर या भाच्याचा फोन आला. "मामा, चांगले चिकट टायर घेऊ का? जिंकणारे सगळे तेच वापरतात."

मला टायरमधले काय कळते? पण मी बी.कॉम. असल्यामुळे खर्चाचा प्रश्न माझ्याकडे येतो, असा आमच्या घराण्याचा रिवाज आहे. म्हटले, आधी चौकशी करू.

चौकशीत पहिलीच गंमत निघाली ती आकड्याची. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारीच्या टायरवर झिजेचा एक आकडा छापावा लागतो. टेक्सासमध्ये सॅन अँजेलो गावाजवळ सुमारे 640 किलोमीटरचा एक ठरावीक फेरा आहे. त्यावर टायर 11,500 किलोमीटरच्या वर पळवतात आणि एका प्रमाण टायरशी त्याची झीज ताडून बघतात. प्रमाण टायर 100 धरला, तर 200 वाला दुप्पट टिकायचा. आता रबर मऊ असेल तर रस्त्याला घट्ट चिकटते, पण लवकर झिजते. म्हणून तिकडच्या 'स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका'ने साध्या गाड्यांच्या गटासाठी नियम केला, की टायरवरचा आकडा किमान 200 हवा. शर्यतीचे खास टायर आपोआप बाहेर!

पण हा आकडा टायरवर घालतो कोण? कारखानदार स्वतःच! त्यामुळे बाजारात असे टायर आले, की अंगावर 200 लिहिलेले आणि स्वभाव थेट शर्यतीचा. नियम मोडलेला नाही, खोटे म्हणावे असेही काही नाही. आमच्याकडे कर्जाच्या अर्जावर 'उत्पन्न' या रकान्यात पुष्कळ जण असेच लिहितात. कुंजर हळू आवाजात म्हणायचा, एवढेच.

दुसरी गंमत अशी, की या खेळातले मुरलेले लोक नवख्याला सांगतात, "पहिले वर्ष गाडीला आहेत त्याच टायरवर काढ. पैसे प्रवेश-फीवर घाल आणि शेजारी एखादा जाणता बसव." कारण साधे टायर सुटण्यापूर्वी ओरडतात. वळणावर वेग जास्त झाला की किंचाळायला लागतात आणि मग हळूहळू घसरतात. चिकट टायर मात्र बराच वेळ गप्प राहतो, आपली चूक पोटात घालतो. आणि सुटतो तेव्हा वेगही जास्त असतो आणि सावरायला उसंतही कमी.

हे मला लगेच पटले. आम्हाला कॉलेजात शिकवले होते, की तेरजेत फरक आला आणि त्याला नवाने भाग गेला, तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली असेल, 54 चे 45. म्हणजे चूक नुसती ओरडत नसे, पत्ताही सांगत असे. आता बेरजा यंत्र करते. बेरीज कधीच चुकत नाही. त्यामुळे भलत्याच खात्यात गेलेली रक्कमही तिथे बिनचूक नांदते.

पण म्हणून वाईट साधनच चांगले, असे कोणी म्हणू लागला तर मी त्याच्याही विरुद्ध आहे. गैरसोयीला संस्कार म्हणण्याची आपल्याला खोड आहे. कंदिलाखाली शिकलेले लोक मोठे झाले हे खरे. पण दिवा असता तर ते लहान राहिले असते, असे काही नाही. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. असा जुना, तडकलेला किंवा गुळगुळीत झालेला टायर घसरला, तर चूक चालवणाऱ्याची की रबराची, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही. ज्या साधनाने आपली चूक झाकली जाते तेही नको, आणि जे स्वतःच चुका करते तेही नको. चूक झाली तर ती आपलीच आहे, हे ज्याच्यामुळे कळेल ते साधन खरे.

भाच्याला हे मी सांगितले. तो म्हणाला, "मामा, हे बोलायला ठीक आहे."

पण या खेळात एक सोय आहे. एकच गाडी दोघांनी आळीपाळीने चालवता येते. पुढच्या रविवारी त्याने आपली गाडी एका साठीच्या गृहस्थाला दिली. तीच गाडी, तेच टायर, तेच शंकू. गृहस्थ चार सेकंद आधी पोचले.

रात्री त्याचा फोन आला. बराच वेळ हवापाण्याचे बोलला. मग म्हणाला, "मामा, चार सेकंद टायरमध्ये नव्हते." तीस वर्षांच्या, चांगल्या पगाराच्या माणसाला हे वाक्य उच्चारणे किती जड जाते, ते मला त्याच्या आवाजावरून कळले. पैसे टाकून टायर घेतले असते, तर हे वाक्य निदान दोन-तीन वर्षे लांबणीवर टाकता आले असते. आपण बऱ्याच महाग वस्तू घेतो त्या कशासाठी, हे मला त्या रात्री उमगले.

सध्या त्याने हवा मोजायचे एक यंत्र आणि खडू घेतला आहे. टायरच्या कडेला खडू फासायचा, फेरी मारायची आणि खडू कुठवर पुसला ते बघून हवा कमी-जास्त करायची. एकूण खर्च पाहून माझ्यातला बी.कॉम. प्रसन्न झाला.

पुढच्या वर्षी तो 200 वाले टायर घेणार म्हणतो. मी म्हटले, "अवश्य घे. पण आधी त्या आजोबांना पुन्हा एकदा गाडी दे."

पलीकडून बराच वेळ नुसते टायर किंचाळल्यासारखे ऐकू आले. तो हसत होता.