हत्तीला हात लागला का?

विश्रांतवाडीतल्या माणसाला धूसर तर्कशास्त्र वेगळं शिकवावं लागत नाही. वारीच्या दिवसांत आळंदीहून माउलींची पालखी निघाली, की आमच्या चौकात कुणालाही विचारा, 'कुठवर आली हो?' उत्तर ठरलेलं, 'आलीच की आता!' या 'आलीच'मध्ये दहा मिनिटांपासून दोन तासांपर्यंत काहीही मावतं आणि खोटं कुणीच बोललेलं नसतं.

माझी नात संगणकाला बुद्धिबळ शिकवते. ती म्हणाली, या 'आलीच की'चं गणित लोत्फी झादे यांनी १९६५ साली मांडलं. त्याआधी १९५० मध्ये क्लॉड शॅनन यांनी बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्राचा आराखडा लिहिला, तेव्हा सोंगट्यांचे भाव सरळ होते: प्यादं १, घोडा नि उंट ३, हत्ती ५, वजीर ९. पण 'राजा सुरक्षित आहे का?' याला नुसतं हो किंवा नाही कसं म्हणणार? पुढचं एक प्यादं सरकलं म्हणून राजा एकदम उघडा पडत नाही, थोडासा पडतो. नातीचा प्रोग्राम म्हणतो, 'सुरक्षितपणा ०.७.' (माझ्या रक्तदाबाबद्दल डॉक्टरही साधारण असंच बोलतात.)

मला हे फारच पटलं. पटण्याचं कारण शेजारचे अण्णा. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. हात लावला ती सोंगटी खेळायची, हा आमचा पंचवीस वर्षांचा कायदा. परवा मी हत्तीला हात घातला आणि लक्षात आलं, हा हलला तर मागचा वजीर जातो. बोट मागं घेतलं.

"हत्तीला हात लागला का हो?" अण्णांनी विचारलं.

"निसटता लागला असेल," मी म्हणालो. डाव मीच जिंकला.

नातीला विचारलं, "या उत्तराचा खरेपणा ०.४ तरी धरशील ना?"

ती हसली नाही. "आजोबा, हिशेब कितीही धूसर केला तरी शेवटी खेळी एकच द्यावी लागते. अर्धा हत्ती हलत नाही."

धर्मराजही हत्तीवरूनच अडकले होते. 'नरो वा कुंजरो वा'त निम्मं तरी खरं होतंच की! पण चार बोटं अधांतरी चालणारा त्यांचा रथ दोनच बोटं खाली आला नाही, पुरता जमिनीला टेकला. आणि राजाचा सुरक्षितपणा धूसर असेल, माझं बोट हत्तीवर होतं हे मला लख्ख दिसत होतं. धूसर दिसत होतं ते अण्णांना.

मंगळवारी त्यांचं ऑपरेशन आहे. त्याआधी, आज संध्याकाळी, पट घेऊन जाणार आहे. म्हणणार, तो डाव हत्तीपासून पुन्हा मांडू. अण्णा विचारतील, 'का हो?'

तिथवरची खेळी सुचली आहे. पुढची अजून नाही.