काय टाकावें, काय राखावें

आमच्या मातोश्रींच्या पंचाहत्तराव्या वाढदिवशीं घरांत एक लहानसा समारंभ झाला होता. आमच्या भाच्यानें आपल्या मोबाइलवर त्याचें चित्रण केलें. चाळीस मिनिटांचा तो व्हिडिओ चार गिगाबाइटांहून मोठा भरला, व नातेवाइकांस पाठविणें कठीण झालें. तेव्हां भाच्यानें एका सुलभ प्रोग्रॅमच्या साहाय्यानें त्याचा आकार चारशें मेगाबाइटांवर आणला, आणि दोन्ही प्रती आमच्यापुढें ठेवून तो म्हणाला, "मामा, फरक दाखवा पाहूं!" आम्हीं दोन्ही पाहिल्या. आम्हांस फरक दिसला नाहीं. मोबाइलमध्यें जागा उरली नव्हती, आम्हींच सांगितलें, "मोठी प्रत काढून टाक."

पुढें तीन वर्षांनीं मातोश्री निवर्तल्या. त्यानंतर एका संध्याकाळीं आम्हीं तो व्हिडिओ पुन्हां लावला. गाणें चाललें आहे, पुढें मुलें बसलीं आहेत, आणि मागें माजघराच्या उंबऱ्याशीं, जेथें दिव्याचा उजेड पुरता पोंचत नाहीं अशा जागीं, मातोश्री वाती वळीत बसल्या आहेत. समारंभ त्यांचा, पण त्या नेहमींप्रमाणें मागेंच. चित्र थांबवून आम्ही त्यांचा चेहरा न्याहाळूं लागलों, तों तेथें चेहरा नव्हता. करड्या रंगाचे चार-दोन चौकोन होते. पुढें बसलेल्या मुलांच्या कपड्यांवरची नक्षी मात्र स्पष्ट दिसत होती.

भाचा खोटें बोलला नव्हता. आम्हींही न पाहतां संमति दिली नव्हती. तरी जें गेलें तें गेलें. "आकार कमी केला, पण चित्राचा गुण कायम राखला" हें वाक्य आज घरोघर ऐकूं येतें. या वाक्याचा अर्थ काय, आणि तें उच्चारणाऱ्यावर कोणती जबाबदारी येऊन पडते, याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. प्रश्न वरवर पाहतां यंत्राचा दिसतो. पण मुळांत तो नीतीचा आहे असें आम्हांस वाटतें.

प्रथम हें मान्य केलें पाहिजे कीं, येथें संक्षेपावांचून गत्यंतर नाहीं. सध्यां सर्वत्र रूढ असलेल्या एका मापाचें चित्र घ्या. त्यांत आडवे १९२० व उभे १०८० असे मिळून वीस लक्षांहून अधिक बिंदु असतात. प्रत्येक बिंदूस तीन बाइट धरले, तर एका चित्रास सुमारें ६२ लक्ष बाइट लागतात. सेकंदाला अशीं २५ चित्रें, म्हणजे साडेपंधरा कोटि बाइट. आणि एका तासाला सुमारें ५६० गिगाबाइट! इतका पसारा कोणत्याहि मोबाइलांत मावणार नाहीं. म्हणून चित्रण चालू असतांनाच कॅमेरा त्याचा संक्षेप करीत असतो, व आपल्या हातीं येतो तो मूळ पसाऱ्याचा सुमारें शंभरावा हिस्सा. आपण ज्याला "मूळ प्रत" म्हणतों तीहि एक निवडच असते. ही गोष्ट नीट ध्यानांत घेतली, म्हणजे "कांहींएक टाकूं नये" असा सोंवळा आग्रह धरण्यास जागा उरत नाहीं. प्रश्न टाकावें कीं टाकूं नये हा नसून, काय टाकावें आणि कोणाच्या दृष्टीनें टाकावें, हा आहे.

टाकण्याचे दोन प्रकार आहेत, व त्यांची नैतिक योग्यता निरनिराळी आहे. पहिला प्रकार पुनरुक्ति टाळण्याचा. भिंत सेकंदांत पंचवीस वेळां तीच असते. तिचें वर्णन पंचवीस वेळां कां करावें? यंत्र एक चित्र सबंध लिहून ठेवतें, आणि पुढच्या चित्रांत काय बदललें, कोणता भाग कोठें सरकला, एवढेंच नोंदवितें. आमच्या संस्कृतज्ञ वाचकांस येथें पाणिनीची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. अष्टाध्यायीच्या सुमारें चार हजार सूत्रांत एका सूत्रांतला शब्द पुढच्या सूत्रांत पुन्हां लिहीत नाहींत. तो अनुवृत्तीनें आपोआप खालीं उतरतो. अर्धी मात्रा वांचली तरी वैयाकरणास पुत्रजन्माचा आनंद होतो, अशी प्रसिद्धि आहे. या काटकसरींत अर्थाचा एक कणहि सांडत नाहीं. अनुवृत्ति जाणणाऱ्यास संपूर्ण अर्थ परत मिळतो. अशा संक्षेपानें कोणाचेंहि नुकसान होत नाहीं. मात्र त्याला मर्यादा आहे. स्थिर फळ्यासमोर बोलणारा शिक्षक थोडक्यांत मावतो; कोंकणांतला मुसळधार पाऊस मावत नाहीं, कारण त्याचा प्रत्येक थेंब नवा असतो.

ही मर्यादा आली म्हणजे दुसरा प्रकार सुरू होतो. तो आपल्या डोळ्याच्या दुबळेपणावर उभारलेला आहे. मनुष्याचा डोळा उजेडांतला सूक्ष्म फरक जितका ओळखतो, तितका रंगांतला ओळखत नाहीं. म्हणून बहुतेक व्हिडिओंत रंगाची नोंद चार बिंदूंमागें एकदांच केलेली असते, आणि आपल्याला त्याचा पत्ताहि नसतो. ठळक आकार डोळ्यांत भरतात, बारीक पोत निसटतो. म्हणून चित्राचे लहान लहान चौकोन पाडून प्रत्येकांतील स्थूल व सूक्ष्म अंश गणितानें वेगळे करितात. ज्या गणितानें हें सुकर झालें, त्याचे एक जनक बंगळूर येथें जन्मलेले नासिर अहमद हे होत. १९७२ सालीं त्यांनीं या कल्पनेसाठीं अमेरिकेंतील सरकारी विज्ञानसंस्थेकडे साहाय्य मागितलें असतां तें नाकारण्यांत आलें. पुढें १९७४ सालीं नटराजन् व राव या दोन सहकाऱ्यांसह त्यांनीं तें गणित प्रसिद्ध केलें, आणि आज जगांतील बहुतेक डिजिटल चित्रें त्याच्या किंवा त्याच्या वंशजांच्या आधारावर उभीं आहेत. हें गणित स्वतः कांहींच टाकीत नाहीं. तें केवळ निवडून ठेवतें, सुपांत दाणे आणि कोंडा वेगळा व्हावा तसें. टाकण्याचें काम पुढच्या पायरीवर होतें. तेथें सूक्ष्म अंशांचे आंकडे ढोबळ केले जातात. जे फार लहान असतात त्यांच्या जागीं शून्य लिहिलें जातें. एकदां शून्य लिहिलें, कीं तेथें पूर्वीं काय होतें हें कोणालाहि सांगतां येत नाहीं. माजघरांतल्या अंधारांत आमच्या मातोश्रींच्या चेहऱ्याचें असेंच शून्य झालें होतें.

आतां "गुण कायम आहे" या वाक्याकडे वळूं. गुण हा चित्रांत राहतो कीं पाहणाऱ्यांत? यंत्रें बनविणाऱ्यांनीं गुण मोजण्याच्या रीति बसविल्या आहेत. कांहीं मूळ चित्राशीं बिंदूबिंदूची तुलना करितात. कांहीं मनुष्याला काय जाणवेल याचा अंदाज बांधतात. त्या उपयुक्त आहेत यांत शंका नाहीं. पण त्या सर्वांच्या मुळाशीं एक सर्वसामान्य डोळा कल्पिलेला असतो, आणि त्या डोळ्याला आई नसते. तो पुढें बसलेल्या मुलांकडे पाहतो. उंबऱ्याशीं बसलेल्या वृद्धेकडे त्याचें लक्ष जाण्याचें कारण नाहीं. तेव्हां "फरक दिसत नाहीं" याचा खरा अर्थ "ज्याला या कोपऱ्याशीं कांहीं कर्तव्य नाहीं त्याला फरक दिसत नाहीं" एवढाच होतो. आणि त्या दिवशीं तर आमचीच गणना तशा लोकांत होती! मातोश्री शेजारच्या खोलींत असतांना चित्रांतील त्यांच्या चेहऱ्याची आम्हांस गरज भासली नाहीं. पाहणारा तोच असला तरी तीन वर्षांनीं त्याचा डोळा निराळा होतो, हें आमच्या ध्यानांत आलें नाहीं.

परंतु या दुःखाच्या भरांत संक्षेपालाच दोष देणें अन्यायाचें होईल. २०२० सालीं टाळेबंदीमुळें महाविद्यालयें बंद पडलीं, तेव्हां आम्हीं आपलीं व्याख्यानें घरींच चित्रित करून विद्यार्थ्यांस पाठविण्यास आरंभ केला. पहिलें व्याख्यान सव्वा गिगाबाइटाचें झालें. एका विद्यार्थ्यानें कळविलें कीं, गांवाबाहेरच्या टेकडीवर गेल्यावरच त्याच्या मोबाइलला रेंज मिळते, आणि दिवसाचा सर्व डेटा खर्चूनहि व्याख्यान अर्धेंच उतरतें. आम्हीं घाईघाईनें चित्राचें मापच लहान केलें. तेव्हां फाइल लहान झाली, पण फळ्यावरचीं अक्षरें वाचतां येईनात. मग एका तरुण सहकाऱ्यानें आमची चूक दाखविली. व्याख्यानांत अक्षर आणि आवाज यांना महत्त्व. आमच्या हातवाऱ्यांना नाहीं. त्यानें चित्राचें माप पूर्ववत् ठेविलें, सेकंदाचीं तीस चित्रें होतीं तीं पंधरा केलीं, जुन्या, म्हणजे २००३ च्या प्रमाणाऐवजीं २०१३ सालचें नवें प्रमाण वापरलें, आणि आवाजाला धक्का लावला नाहीं. फाइल पूर्वीच्या दहाव्या हिश्शाहून लहान झाली, आणि प्रत्येक अक्षर जागच्या जागीं राहिलें. त्या विद्यार्थ्यापुरतें पाहिलें, तर संक्षेप हेंच दान होतें, आणि आमचा "उत्तम गुण" हा निव्वळ श्रीमंती अहंकार होता. जो गुण पोंचतच नाहीं, त्याचा उपयोग कोणाला?

त्या सहकाऱ्यानें सांगितलेली आणखी एक गोष्ट आम्हांस यंत्राबाहेरहि खरी वाटते. तो म्हणाला, "सर, फाइल किती लहान हवी हें आधीं ठरवूं नका; चित्र किती चांगलें हवें तें ठरवा, म्हणजे आकार आपोआप ठरेल." पुष्कळ प्रोग्रॅमांत गुणाचा एक आंकडा असतो, एका प्रसिद्ध प्रोग्रॅमांत तो ० पासून ५१ पर्यंत जातो, सामान्यतः २३ वर ठेविलेला असतो, आणि जितका लहान तितकें चित्र चांगलें. हा आंकडा स्थिर ठेविला, तर सोपा प्रसंग थोडक्यांत आटोपतो व अवघड प्रसंगाला हवी तितकी जागा मिळते. उलट आकाराचेंच माप आधीं घातलें, तर पावसाच्या वांट्याला भिंतीइतकेंच येण्याचा संभव असतो. पंचेचाळीस मिनिटांच्या तासांत प्लेटो बसविण्याची खटपट आम्हीं तीस वर्षें केली आहे. म्हणून हें वाक्य ऐकतांना आम्हांस थोडें ओशाळल्यासारखें झालें.

संक्षेप निर्दोष केव्हां आणि सदोष केव्हां, याची एक कसोटी आम्हांस २०१३ सालच्या एका घटनेंत सांपडते. त्या वर्षीं डेव्हिड क्रीझेल नांवाच्या जर्मन संगणकशास्त्रज्ञाच्या लक्षांत आलें कीं, एका प्रसिद्ध कंपनीच्या यंत्रावर घराच्या नकाशाची प्रत काढली असतां निरनिराळ्या आकाराच्या खोल्यांचें क्षेत्रफळ एकच छापून येतें. जागा वांचविण्यासाठीं तें यंत्र सारख्या दिसणाऱ्या आंकड्यांना एकच समजून एकाच्या जागीं दुसरा बसवीत होतें; कागदांवर सहाचे आठहि होत होते. भयंकर गोष्ट ही कीं, प्रत पुसट नव्हती; स्वच्छ होती. पुसट अक्षर वाचणाऱ्याला "मला वाचूं नका" असें स्वतःच सांगतें. स्वच्छ पण खोटा आंकडा विश्वास संपादन करून फसवितो. तेव्हां संक्षेपानें थोडें अज्ञान उत्पन्न केलें तर तें क्षम्य आहे. पण अज्ञानावर ज्ञानाचा मुलामा चढविणें क्षम्य नाहीं.

या कसोटीचा प्रसंग आमच्यावर लौकरच आला. आमची खिन्नता पाहून भाचा एके दिवशीं म्हणाला, "मामा, आतां असे प्रोग्रॅम निघाले आहेत कीं पुसट चेहरा स्पष्ट करून देतात. आजीचाहि करूं." त्याचा हेतु चांगला होता. पण हे प्रोग्रॅम जें गेलें तें परत आणीत नाहींत. असंख्य चेहरे पाहून शिकलेल्या अनुमानानें रिकाम्या जागीं शोभेल असा चेहरा ते बसवितात. तो चेहरा सुंदर झाला असता. कदाचित् मातोश्रींसारखाहि झाला असता. त्या वाती वळतांना हंसत होत्या कीं थकल्या होत्या, हें मात्र त्यानें ठरविलें असतें. आम्हीं नको म्हटलें. ते चार चौकोन निदान खरें सांगतात कीं येथें कांहीं होतें, आणि आम्हीं तें राखलें नाहीं.

या सर्वांतून आम्हीं स्वतःपुरते तीन नियम काढिले आहेत. ज्याची पुन्हां प्राप्ति होणें नाहीं, त्याची मोठी प्रत मोडूं नये; साठवणीची जागा विकत मिळते, तो दिवस मिळत नाहीं. लहान प्रत करावयाची तर दरवेळीं मोठ्या प्रतीवरून करावी. लहानीवरून आणखी लहान करीत गेल्यास प्रत्येक वेळीं नवी हानि होते, जशी एका तोंडून दुसऱ्या तोंडीं जातांना हकीकतीची होते. आणि लहान प्रत दुसऱ्यास देतांना ती लहान आहे हें सांगावें. काय टाकलें हें त्याला ठाऊक असेल, तर तो निदान मागूं तरी शकेल.

भाच्याला आम्हीं दोष दिला नाहीं. हुकूम आमचा होता. यंदा त्याच्या मुलीचें बारसें झालें, तेव्हां त्यानें सर्वांना लहान प्रत पाठविली, व खालीं लिहिलें, "मूळ माझ्याजवळ आहे." आम्हीं ती लहान प्रत पाहिली. उत्तम होती. फरक आम्हांस कळला नाहीं, आणि या खेपेस तो न कळल्याची कांहीं चिंता वाटली नाहीं.