वाहकाचा धर्म

जो मनुष्य स्वतः काही निर्माण करीत नाही, विकीत नाही, विकत घेत नाही, केवळ एकाने सोपविलेले दुसऱ्याच्या हाती सुखरूप पोहोचवितो, त्याला त्या पोहोचविलेल्या वस्तूच्या पापपुण्याचा वाटा लागतो किंवा नाही, या प्रश्नाची चर्चा आपल्या धर्मविचारात जितक्या आस्थेने व्हावयास हवी होती तितकी झालेली नाही. कर्त्याचा विचार पुष्कळ झाला, भोक्त्याचा त्याहूनही अधिक झाला. परंतु दोघांच्या मध्ये उभा राहून दोघांनाही जोडणारा जो वाहक, तो बहुधा हिशेबाच्या बाहेरच राहिला. दहिवलीस राहणाऱ्याला मात्र हा प्रश्न टाळता येत नाही. कर्जत स्थानकातून निघून उल्हास नदी ओलांडली की लागणारे हे गाव, आणि त्याच्या भोवतीचा सारा मुलूख, शतकानुशतके वाहतुकीवर पोसला गेला आहे. सोपारा-कल्याणच्या बंदरांतून देशावर जाणारे तांडे येथल्या घाटवाटांनी चढत. 1863 साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि घाट चढण्यासाठी गाडीला मागून जादा इंजिने लावण्याचे ठिकाण म्हणून कर्जतचे नाव सर्वांच्या तोंडी झाले. 1915 साली खोपोलीहून आणि 1922 साली भिवपुरीहून टाटांची वीज तारांवरून मुंबईकडे जाऊ लागली. आणि आता याच गावातील तरुण, कोणी येथील कोकण ज्ञानपीठाच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, तर कोणी लोकल पकडून कल्याण-ठाण्याच्या क्लासमध्ये, संगणकांची जाळी उभारण्याचे व राखण्याचे शास्त्र शिकत आहेत. हे शास्त्र म्हणजे निखळ वाहकाचे शास्त्र होय, आणि म्हणूनच तो जुना प्रश्न मला त्यांच्या पाठ्यक्रमात नव्याने उभा राहिलेला दिसतो.

या शिक्षणाचा आरंभ हातांपासून होतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. केबलचे आवरण सोलून आतल्या आठ तारा सरळ करावयाच्या, त्या पांढरी-नारंगी, नारंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी अशा ठरल्या क्रमाने लावावयाच्या आणि क्रिम्पिंग टूलने दाबून पक्क्या करावयाच्या. एक तार मागे राहिली की सारा खटाटोप व्यर्थ. त्यानंतर जाळ्याच्या कामाची सात स्तरांतली मांडणी येते, आयपी पत्ते येतात, सबनेटिंगचे गणित येते, ज्याच्यापुढे भले भले विद्यार्थी हैराण होतात. आणि मग राउटर येतो, ज्याच्या स्वभावाविषयी थोडे सविस्तर लिहिल्यावाचून माझे म्हणणे स्पष्ट होणार नाही.

आपण पाठविलेला संदेश अखंड जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे पाडले जातात, आणि प्रत्येक तुकड्याला, ज्यास पॅकेट म्हणतात, आरंभी एक मथळा जोडलेला असतो, ज्यात तो कोठून निघाला व कोठे जावयाचा आहे एवढे नोंदलेले असते. राउटर तो मथळा पाहतो, आपल्या जवळच्या तक्त्यात त्या दिशेचा पुढचा मुक्काम शोधतो आणि पॅकेट तिकडे रवाना करतो. संपूर्ण मार्ग त्याला ठाऊक नसतो. आत काय आहे हे जाणण्याचे त्याला प्रयोजन नसते. पॅकेट पोहोचेलच अशी हमीही तो देत नाही. वाटेत काही हरवले तर ते ओळखून पुन्हा मागविण्याची जबाबदारी दोन टोकांच्या यंत्रांवर असते, मधल्या वाहकावर नव्हे. हे कसेतरी घडून आले असे नाही. साल्ट्झर, रीड आणि क्लार्क या तिघांनी 1984 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात हे तत्त्व विस्ताराने मांडले की, ज्या गोष्टी टोकांनाच पूर्णपणे व बिनचूक पार पाडता येतात त्या मधल्या जाळ्यावर लादू नयेत. म्हणजे वाहकाचे अज्ञान हे येथे वैगुण्य नसून बुद्ध्या केलेली योजना आहे. त्याला जितके कमी कळते तितका तो निःपक्षपाती राहतो, आणि ज्या गोष्टींची त्याच्या रचनाकारांना कल्पनाही नव्हती त्या गोष्टीही तो तितक्याच निष्ठेने वाहून नेतो.

येथपर्यंत सारे निर्मळ आहे. परंतु त्याच अभ्यासक्रमात पुढे एक धडा असा येतो की जेथे हे निर्मळपण टिकत नाही. वायरशार्क नावाच्या साधनाने जाळ्यातून जाणारी पॅकेटे उघडून वाचता येतात. दोष कोठे आहे हे शोधण्यासाठी ती विद्या अवश्यच असते, आणि शिक्षक ती शिकविताना बहुधा टेलनेट या जुन्या पद्धतीचे उदाहरण घेतात, कारण त्या पद्धतीत मनुष्याने टंकलेला पासवर्ड, एकेक अक्षर, उघड्या स्वरूपात तारेवरून जातो व पडद्यावर जसाच्या तसा दिसतो. असा धडा घेऊन आलेल्या आमच्या आळीतील एका तरुणाने मला विचारले, “काका, दिसतं म्हणून बघायचं का? आणि बघितलं, पण कुणाला सांगितलं नाही, तर त्यात पाप कसलं?” त्याच्या वर्गात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, आणि परीक्षेतही तो येणार नव्हता. मला मात्र वाटते की, त्याच्या साऱ्या शिक्षणातला हाच प्रश्न सर्वांत गंभीर होता. कारण त्या क्षणापर्यंत तो अजाण वाहक होता आणि त्या क्षणी जाणता झाला.

महाभारतात या प्रश्नाच्या जवळ जाणारी दोन माणसे आहेत, आणि दोन्ही बाजारातली आहेत हे लक्षात घेण्यासारखे आहे. शांतिपर्वातला तुलाधार हा वाराणसीचा वाणी. दीर्घ तपाने गर्विष्ठ झालेल्या जाजली ब्राह्मणाला त्याच्याकडे धर्म शिकावयास जावे लागले, आणि तुलाधाराने सांगितलेल्या धर्माचे सार असे की, आपला तराजू सर्व प्राणिमात्रांना सारखाच आहे. संदेशवहनाच्या क्षेत्रात याच समतेचा वाद आपल्या देशात मोठ्या अहमहमिकेने लढला गेला. काही संकेतस्थळे फुकट वा स्वस्त आणि बाकीची महाग, असा भेद कंपन्यांना करता येऊ नये म्हणून दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 8 फेब्रुवारी 2016 रोजी भेदभावाच्या दरांना मज्जाव केला. तुलाधाराचा तराजू कायद्याच्या भाषेत आला, असे मला तेव्हा वाटले व आजही वाटते. परंतु तुलाधाराच्या समतेने आपला प्रश्न अर्धाच सुटतो. सर्वांना सारखे वागविणे हे वाहकाचे पहिले कर्तव्य ठरले. पण वाहिलेल्या विषाचे काय?

दुसरा मनुष्य वनपर्वातील मिथिलेचा धर्मव्याध. तो मांस विकतो. स्वतः प्राणी मारीत नाही, दुसऱ्याने मारलेल्याचे मांस तो विकावयास ठेवतो, आणि हा व्यवसाय आपल्याला वाडवडिलांपासून आला असल्याचे सांगतो. येथे कोणताही चतुर वकील, मी केवळ मधला आहे, असे म्हणून मोकळा झाला असता. धर्मव्याध तसे म्हणत नाही. आपण आचरतो ते कर्म घोर आहे, यात संशय नाही, अशी कबुली तो स्पष्टपणे देतो आणि आपल्या सदाचाराचा, मातापित्यांच्या सेवेचा वृत्तांतही सांगतो. मला त्याचे मोठेपण त्या सेवेत जितके दिसते त्याहून अधिक त्या कबुलीत दिसते. आपण साखळीतील एक दुवा आहोत म्हणून साखळीशी आपला संबंध नाही, असा युक्तिवाद तो तोंडातून काढीत नाही.

आमच्या तालुक्यातच, राजमाचीच्या पायथ्याशी, कोंडाणे येथे इसवी सनापूर्वीची बौद्ध लेणी आहेत. बुद्धाने उपासकांना जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा व विषाचा, ते सारे विक्रीचे व्यवहार आहेत. वाहतुकीचे नाव त्यांत नाही, आणि घाटवाटेवरच्या या लेण्यांना व्यापाऱ्यांच्या दानाचा आधार असे हे ध्यानात घेतले म्हणजे ते स्वाभाविकही वाटते. परंतु कोंडाण्याला मला नेहमी खिळवून ठेवतो तो तेथला लहानसा ब्राह्मी लेख. त्यात एवढेच म्हटले आहे की, कण्हाचा शिष्य बलक याने हे केले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराने स्वतःच्या नावाआधी गुरूचे नाव कोरले! आज प्रशिक्षण पुरे केलेल्याच्या हाती सिस्कोसारख्या कंपनीचे प्रमाणपत्र पडते, आणि तीन वर्षे लोटली की त्याची मुदत संपते. त्या सनदेला बाजारात किंमत आहे, आणि दहिवलीच्या मुलाला तिच्यामुळे नोकरी मिळत असेल तर मला तिचे कौतुकच आहे. मात्र बलकाच्या लेखात जी एक भावना आहे, की माझे काम बिघडले तर माझ्या गुरूचेही नाव जाईल, ती कोणत्याही परीक्षेत मोजली जात नाही, आणि जाणत्या वाहकाला आवरणारी शक्ती, माझ्या मते, हीच भावना आहे.

वाहकाच्या निर्दोषपणावर सर्वांत कठोर प्रश्न याच भूमीत 1942 साली विचारला गेला. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, ज्यांना सारा मुलूख भाई कोतवाल म्हणून ओळखतो, यांच्या आझाद दस्ता या क्रांतिकारी पथकाने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. तारेला काय ठाऊक, की आपल्यातून गेलेल्या विजेवर घरातला दिवा लागतो की परकीय सत्तेच्या युद्धाचा कारखाना चालतो? पण कोतवालांच्या कृतीचा अर्थ असा की तारेला ठाऊक नसले तरी आपल्याला ठाऊक आहे. त्या जाणिवेची किंमत त्यांनी व त्यांचे सहकारी हिराजी पाटील यांनी 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर प्राण देऊन चुकती केली. आज कोणी तारा तोडाव्यात असा याचा अर्थ नाही. आज संदेशांच्या तारेवरून सातबाऱ्याचा उतारा येतो, रुग्णाचा अहवाल येतो, परीक्षेचा अर्ज जातो, आणि म्हणूनच इंटरनेट बेमुदत बंद ठेवता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने 10 जानेवारी 2020 च्या निकालात सांगितले. पण बंद करण्याचा हुकूम निघतो तेव्हा हुकूम काढणारा अधिकारी वेगळा असतो आणि प्रत्यक्ष कळ दाबणारा कोणी प्रशिक्षित तंत्रज्ञ वेगळा असतो, हे आपण विसरतो. जाणत्या आणि अजाण वाहकांतला भेद कायदाही ओळखतो. 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे 79 वे कलम मध्यस्थाला संरक्षण देते. परंतु आपल्याकरवी बेकायदेशीर काही चालले आहे हे त्याला रीतसर कळविल्यावरही तो स्वस्थ बसला तर ते संरक्षण नाहीसे होते. न जाणणारा सुटतो, जाणणारा बांधला जातो.

यावरून मला जे उमगले ते असे. यंत्राचे अज्ञान हा यंत्राचा धर्म आहे, आणि ते अज्ञान अबाधित राखणे हा यंत्र सांभाळणाऱ्या जाणत्या माणसाचा धर्म आहे. पत्रात काय आहे याचे पापपुण्य लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला. पण पत्र अडविले गेले, किंवा वाटेत उघडले गेले, किंवा उघडता येईल अशा सैल बांधणीने पाठविले गेले, तर त्याचा जाब वाहकाने द्यावयाचा. पेण तालुक्यातील गागोदे येथे जन्मलेल्या विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली दिलेल्या गीतेवरील प्रवचनांत बाह्य कर्माला आतल्या चित्ताची जोड देण्याविषयी जे विवेचन केले आहे, ते मला येथे अक्षरशः लागू वाटते. कारण आठ तारा ठरल्या क्रमाने दाबणे हे बाह्य कर्म झाले, आणि त्या तारांतून जे जाईल ते माझे नव्हे ही जागृती म्हणजे त्याला मिळालेली चित्ताची जोड.

त्या तरुणाला मी सांगितले ते हेच, की बघू नये. दोष शोधताना दृष्टीस पडलेच तर मनातही ठेवू नये. आणि पुन्हा कोणाच्याच दृष्टीस पडणार नाही अशी व्यवस्था करावी. फिनलंडच्या हेलसिंकी तंत्रविद्यापीठात 1995 साली असेच कोणी जाळ्यातून पासवर्ड टिपले होते, तेव्हा तातू युल्योनेन या संशोधकाने सारे संभाषण कुलूपबंद करून नेणारी एसएसएच ही पद्धत रचली, आणि आज जगभर टेलनेटच्या जागी तीच वापरली जाते. कर्जत, कल्याण, ठाणे येथील प्रशिक्षण देणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, पडद्यावर तो पासवर्ड उघडा करून दाखविल्यावर तास तेथेच संपवू नये. टेलनेट बंद करून एसएसएच चालू करण्याच्या आज्ञा थोड्याच ओळींच्या आहेत. त्या त्याच तासात प्रत्येक विद्यार्थ्याकडून त्याच्या स्वतःच्या हाताने टंकवून घ्याव्यात, मग वायरशार्क पुन्हा लावावा, आणि आता पडद्यावर पासवर्डाचे एकही अक्षर वाचता येत नाही, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्यावे.