हिशेबाबाहेरचा वायू

निर्जंतुकीकरणासाठी वापरलेला इथिलीन ऑक्साइड हवेत जाण्याआधी नष्ट करायचा, हे माझं काम. चेंबरमधून ओढलेला वायू स्क्रबरमधल्या आम्लयुक्त पाण्यात विरघळतो आणि त्याचं इथिलीन ग्लायकॉल होतं. जो उरतो तो एअरेशनच्या, म्हणजे मालात मुरलेला वायू निघून जाऊ देण्याच्या, खोलीतल्या हवेबरोबर तापलेल्या उत्प्रेरकावरून जातो. बाहेर पडतं ते कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. कागदावर कार्यक्षमता ९९.९ टक्के. आकडा खरा असतो, त्याखाली सही माझी असते. तरी दर वेळी मनात येतं, ९९.९ टक्के कशाचे?

हा वायू नकोच, असं मी म्हणणार नाही. कॅथेटर, सलाइनच्या नळ्या, असं कितीतरी प्लास्टिक १२१ अंशांच्या वाफेत टिकत नाही. इथिलीन ऑक्साइड पन्नास-साठ अंशांतच पाकिटाच्या कागदातून आत शिरतो, नळीच्या पोकळीत पोचतो आणि चिवट बीजाणूही मारतो. अमेरिकेत निर्जंतुक करून विकली जाणारी जवळपास निम्मी वैद्यकीय साधनं याच वायूतून जातात. पण जंतूंच्या डीएनएला तो ज्या तऱ्हेनं चिकटतो, त्याच तऱ्हेनं माणसाच्याही. १९९४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं त्याला मानवी कर्करोगाचं कारण ठरवलं. अमेरिकेत कामगारांसाठी आठ तासांची सरासरी मर्यादा आहे दहा लाख भागांत एक भाग; त्याचा गोडसर वास मात्र काहीशे भाग झाल्याशिवाय येतच नाही. म्हणजे 'वास येत नाही, काळजी नको' असं जो सांगतो, तो घात करतो.

आता माझा हिशेब. एखादा कारखाना वर्षाला १०० टन वायू वापरतो असं धरू. सगळा माझ्या यंत्रणेत आला, तर चिमणीतून सुटेल १०० किलो. पण त्यातला एकच टक्का पुठ्ठ्यात, प्लास्टिकमध्ये, आतल्या माहितीपत्रकांत मुरून गोदामात गेला, तर तिथे हळूहळू सुटेल १,००० किलो. चिमणीच्या दहापट! माझ्या ९९.९ला त्याचा पत्ताही नसतो. ही नुसती कल्पना नाही. जॉर्जिया राज्यात कोव्हिंग्टनच्या एका गोदामात साठवलेल्या मालातून हा वायू बाहेर पडतो आहे, हे २०१९च्या अखेरीस उघड झालं होतं.

गोदामात हमाल पेटी छातीशी धरून उचलतो. हनुवटी पुठ्ठ्याला टेकलेली, नाक त्याच्या कडेवर. दार बंद, कारण माल धुळीपासून जपायचा असतो. करारानुसार माझी जबाबदारी पाइपच्या तोंडाशी सुरू होते आणि चिमणीशी संपते. हा माणूस त्या दोन टोकांच्या बाहेर उभा आहे.

मन अशा वेळी रुग्णांना पुढे करतं. किती जीव वाचतात, म्हणतं. वाचतातच. पण लाभ रुग्णाला, कमाई कारखान्याला, आणि जोखमीचा वाटा हमालाला आणि कुंपणापलीकडच्या वस्तीला. त्यांना कुणी विचारलेलं नाही. रुग्णाच्या नावानं हमालाचा धोका मान्य करण्याचा अधिकार मला कुणी दिला? यावर माझ्याजवळ उत्तर नाही, आणि असल्याचा आव मी आणू नये.

उपाय मात्र आहेत. चेंबरमधलं वायूचं प्रमाण जंतू मरतील इतपतच ठेवावं, एअरेशन उबदार हवेत जास्त वेळ चालावं, पेटीतला अनावश्यक कागद काढावा, गोदामाची हवा ओढून तीही उत्प्रेरकावरून न्यावी. सगळ्याला पैसा आणि वेळ लागतो. म्हणूनच गोदामात मोजमाप करायला कुणी उत्सुक नसतं. एकदा आकडा हाती आला की गप्प बसता येत नाही.

माझ्या अहवालात आता टक्क्यांशेजारी किलो असतात, आणि गोदामासाठी वेगळी ओळ. मोजलेलं नसेल तिथे मी 'मोजलेलं नाही' असं लिहिते. काही ग्राहकांना ती ओळ खटकते. या धंद्यातल्या माझ्या सहकाऱ्यांना विनंती आहे, ती ओळ तुमच्याही अहवालात असू द्या, आणि कुणी खोडायला सांगितली तर सही करू नका.