पराजयाचा विषाद आणि वासनिकाचा विवेक

निवडणुकीत आपला पक्ष हरला म्हणून ज्याला अन्न गोड लागत नाही, त्या वासनिकाच्या दुःखाला काय म्हणावे? प्रश्न वरवर लौकिक दिसतो. परंतु जीव कोठे कोठे गुंततो याचा विचार ज्या शास्त्रात मुख्य आहे, त्याच्या अभ्यासकाला तो टाळता येत नाही.

उदाहरण १९७७ चे घ्यावे. त्या वर्षीच्या मार्चमध्ये लोकसभेत काँग्रेसच्या वाट्याला १५४ जागा आल्या. उत्तर प्रदेशात ८५ पैकी आणि बिहारमध्ये ५४ पैकी एकही नाही. रायबरेलीत स्वतः पंतप्रधान इंदिरा गांधी राजनारायण यांच्याकडून पराभूत झाल्या. एका घरी दिवाळी झाली, तर दुसऱ्या घरी सुतकाची शांतता पसरली. पुढे तीन वर्षेही पुरी झाली नाहीत तोच जानेवारी १९८० मध्ये इंदिराजींच्या पक्षाला ३५३ जागा मिळाल्या, आणि दोन्ही घरांनी हर्षशोकाची अदलाबदल केली.

येथे अशी शंका येते की, सारेच जर असे पालटणारे आहे, तर हा शोक निव्वळ भ्रम मानून सोडून का देऊ नये? त्याचे समाधान असे की, तो सर्वस्वी भ्रम नाही. आणीबाणीत माणसे खटल्यावाचून कोंडली गेली, वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी बसली. राज्य कोणाच्या हाती आहे यावर कित्येकांची भाकर आणि मोकळीक अवलंबून असते. त्यांची चिंता वाहणे हा दोष नव्हे. दुसरे असे की, निकालाच्या आदल्या रात्रीपर्यंत जो जागांचे हिशेब मांडत होता, त्याने दुसऱ्या सकाळी ‘सर्व अनित्य आहे’ म्हणावे, याला वैराग्य म्हणता येत नाही. जय झाला असता तर त्यानेच पेढे वाटले असते! विरक्ती जयाच्या दिवशी नव्हती, ती पराजयाच्या दिवशी कोठून येणार?

तेव्हा दुःख टाकण्यापूर्वी ते निवडून पाहावे. त्यात एक धागा कणवेचा असतो आणि एक अहंममतेचा. कणव आपल्यासाठी काम शोधते. अहंममता शत्रू शोधते. ‘लोक मूर्ख आहेत, लोक विकले गेले’ हे वाक्य मुखातून निघाले की दुसरा धागा वर आला असे जाणावे. काल याच लोकांना हा गृहस्थ सुज्ञ म्हणत होता, आणि त्यांनी त्याला मत दिले असते तर आजही म्हणाला असता. ज्याच्या पंक्तीला बसून वर्षानुवर्षे प्रसाद घेतला, त्या सधर्म्याचे तोंड पाहू नये असे वाटणे, ही तर मनाने केलेली हिंसाच होय. अहिंसेचा विचार आपण मुंगीपाशी सूक्ष्मपणे करतो. शेजाऱ्यापाशी तो पुष्कळदा विसरतो.

पण मग बहुमत चुकत नाही काय? अवश्य चुकते. मतमोजणीने राज्य कोणी करावे एवढे ठरते, सत्य काय ते ठरत नाही. म्हणून हरलेल्याने आपले मत सोडण्याचे कारण नाही. घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५२ मध्ये मुंबईत आणि १९५४ च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्याला पराभूत झाले. त्यांना दुःख झाले नसेल असे कोण म्हणेल? तरी ते १९५२ मध्येच राज्यसभेत जाऊन बसले, बोलत राहिले. आणि बुद्धावरील त्यांचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला.

श्रीचक्रधरस्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर नागदेवाचार्यादी भक्तांना झालेल्या विरहाची तुलना या लौकिक शोकाशी करणे अनुचित ठरेल; दोहोंची जातच निराळी. एवढे मात्र पाहावे की ती मंडळी ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिली. वासनिकाच्या लहान दुःखालाही हातांना काही काम लागते. गावातील विहिरीचा, शाळेचा, मजुरीचा प्रश्न निकालाच्या आदल्या दिवशी होता तसाच दुसऱ्या दिवशीही असतो, आणि तो सोडवायला बहुधा त्या दुसऱ्या पक्षाच्या सधर्म्यालाच बरोबर घ्यावे लागते. तो यात्रेत समोर आला तर आधी दंडवत घालावा. निकालाचे बोलणे मागाहून निघाले तर निघो.