रांग आणि न्याय

सहनशीलता हा सद्गुण खरा. परंतु अन्याय निमूटपणे सोसणे म्हणजे सहनशीलता नव्हे. पासपोर्टच्या रांगेत हा भेद नीट पारखावा लागतो.

1967 साली सर्वोच्च न्यायालयाने परदेशगमन हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला आणि त्याच वर्षी पासपोर्ट कायदा झाला. 1978 च्या मेनका गांधी खटल्याने हा हक्क अधिक दृढ केला. म्हणजेच खिडकीपुढे उभा असलेला माणूस याचक नसून हक्कदार आहे. वाशीम जिल्हा नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या कक्षेत येतो. मानोरा-मालेगावकडच्या मजुराला कचेरीची प्रत्येक खेप म्हणजे बुडालेली मजुरी. एका कागदापायी परतावे लागले, तर आणखी एक दिवस जातो.

मग ओळखीच्या साहेबाकरवी पुढे सरकण्यात गैर काय? गैर हेच, की आपण वाचविलेला वेळ मागच्याच्या पदरातून काढलेला असतो. विलंब त्याने संपत नाही. तो केवळ दुबळ्याच्या माथी जातो.

म्हणून लेखी तक्रार जरूर करावी, 2005 च्या माहिती अधिकार कायद्याचा आधार घ्यावा. रांग मात्र मोडू नये. आपण मागितलेला न्याय आपल्या मागे उभ्या असलेल्यालाही मिळतो काय, हीच त्या मागणीची कसोटी होय.